सहीआधी तुझा नंबर विचार

ताई,

मी एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट आहे. एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत सहा वर्षं झाली. छोटी शहरं, छोटे सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं एक उड्डाण), दिवसाला चार-चार लँडिंग. वर्षाअखेर आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन होते आहे. ती आमच्यानंतर सुरू झाली, पण तिच्याकडे एटीआरही आहेत आणि जेटही.

गेल्या आठवड्यात नवा करार ई-मेलनं आला. दहा दिवसांत सही करून पाठवायचा. जुन्या करारात महिन्याला ७० तासांच्या फ्लाइंगचे पैसे ठरलेले होते, उडालो तरी आणि नाही उडालो तरी. नव्यात ४० तासांचे. त्यावर जेवढं उडू तेवढे, दर थोडा वाढवून. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, पुण्याहून हैदराबाद. सही न करणाऱ्यांना जेटच्या ट्रेनिंगला घेणार नाहीत असं तोंडी सांगतात, आणि ट्रेनिंगला तीन वर्षांचा बाँड आहे. ज्येष्ठतेची यादी म्हणे 'नंतर कळवू'. त्यांच्याकडचे काही को-पायलट माझ्या मागून नोकरीला लागलेत, पण त्यांचे तास माझ्याहून जास्त आहेत.

इकडे रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, रोज बदलतंय. परवा रात्री अकराला फोन, सकाळी सहाचं रिपोर्टिंग. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतंय की येत्या शनिवारी-रविवारी सगळ्यांनी सिक टाकायचं, म्हणजे आजारी असल्याचं कळवायचं. बायको पुण्यात कॉलेजात शिकवते, मुलगी पहिलीत आहे. बायको म्हणते, सही करू नकोस. बाबा म्हणतात, "नोकरी हातात आहे ना? मग कर सही आणि हो मोकळा." काय करू?

– एक को-पायलट, पुणे

* * *

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्यातला ज्येष्ठतेचा प्रश्न तू दोन वाक्यांत उरकलास, आणि तुला सगळ्यांत महागात पडू शकेल तो नेमका तोच. त्याकडे येतेच. पण शनिवार जवळ आलाय म्हणून घाईचं आधी सांगते: सिक टाकू नकोस.

मी बरीच वर्षं क्रू शेड्युलिंगला काढली. म्हणजे रात्री अकराला फोन करणाऱ्या आणि तुमच्या शिव्या खाणाऱ्या जमातीतली मी. त्या टेबलावर बसल्यावर काय दिसतं ते ऐक. स्क्रीनवर प्रत्येक पायलटची एक आडवी ओळ, तिच्यावर रंगीत पट्ट्या. अडीच वाजता फोन वाजतो: पहाटेच्या फ्लाइटचा को-पायलट तापानं फणफणलाय. स्टँडबायला, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखीव, दोन नावं. पहिल्याचे २८ दिवसांतले तास ९८ झालेत, १०० च्या वर नेता येत नाहीत आणि समोर चार सेक्टरची ड्युटी आहे. दुसरा काल उशिरा उतरलाय, त्याची विश्रांती सव्वासातला पुरी होते आणि रिपोर्टिंग पावणेपाचला आहे. तिसरं नाव नाही. मग ज्याचा ऑफ आहे त्याला फोन, आवाजात जमेल तेवढं लोणी. त्यानं उचलला नाही तर फ्लाइट दोन तास उशिरा, म्हणजे पुढची तीनही उशिरा, म्हणजे शेवटच्या सेक्टरला कुणाची तरी ड्युटीची मर्यादा संपणार.

विलीनीकरणाच्या काळात हे रोजचं होतं, आणि दर वेळी त्यामागे कुणाचा दुष्टपणाच असतो असं नाही. भरती थांबवलेली असते. काही लोक राजीनामे देऊन नोटीसवर असतात. काही जेटच्या ट्रेनिंगला गेलेले, काही नव्या कंपनीच्या मॅन्युअलच्या वर्गात बसलेले. आणि दोन्ही कंपन्यांचं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट (विमानसेवा चालवायचा परवाना) एक होईपर्यंत त्यांचे रिकामे बसलेले पायलट तुमच्या विमानात बसवता येत नाहीत, कारण डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, लेखी त्या दोन वेगळ्या कंपन्या असतात. त्यात रोस्टरचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर बघायलाच नको. २०२५ च्या जूनमध्ये डीजीसीएनं एअर इंडियाला क्रू शेड्युलिंगमधल्या तीन अधिकाऱ्यांना त्या कामातून हटवायला सांगितलं. लायसन्स, विश्रांती आणि अलीकडच्या उड्डाणांच्या अटी पुऱ्या नसताना क्रू लावला गेला होता. ते सापडलं एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीवर गेल्यानंतरच्या तपासणीत, आणि कंपनीनं स्वतःच ते कळवलं होतं. सॉफ्टवेअर बदलताना काय काय निसटतं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे ती बातमी वाचून मला नवल वाटलं नाही.

आता शनिवारचं गणित. २०२४ च्या एप्रिलच्या सुरुवातीला विस्तारा या विमान कंपनीची शंभराहून जास्त उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली. पार्श्वभूमी थेट तुझीच: एअर इंडियात विलीनीकरण, नवा करार, ७० तासांची हमी ४० वर. सर्वांत जास्त फटका को-पायलटना, आणि नाराजी आजारपणाच्या फोनांतून बाहेर पडली. डीजीसीएनं रोजचा अहवाल मागवला, कंपनीनं रोजची २५-३० उड्डाणं कमी केली, रोस्टर फार ताणलं गेलं होतं हे प्रमुखांनीही मान्य केलं. पुढे रोस्टर थोडं सैल झालं. करार मात्र मागे घेतला गेला नाही, आणि ९८ टक्के पायलटांनी सह्या केल्यात असं कंपनीनं त्याच दिवसांत सांगितलं. महिन्याभरानं एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये केबिन क्रूनं तेच केलं. तिथेही विलीनीकरण आणि वागणुकीतला भेदभाव हीच तक्रार. पंचवीसेक जणांना नोकरीवरून काढल्याची पत्रं गेली आणि कामगार आयुक्तांपुढे बैठक होऊन ती मागे घेतली गेली. तिथे सगळ्यांना परत घेतलं. तुमच्यासारख्या पन्नास-साठ पायलटांच्या कंपनीत तसंच होईल, याची हमी ग्रुपवरचा कुठला ॲडमिन देणार आहे?

आणखी एक. ज्या ग्रुपवर हे ठरतंय त्याचे स्क्रीनशॉट मॅनेजमेंटकडे आधीच पोचलेत असं धरून चाल. नेहमी पोचतात. सगळ्यांनी मिळून खोटं आजारपण कळवल्याचं लेखी स्वरूपात सापडलं, की मूळ तक्रार कितीही खरी असो, चर्चेचा विषय तुमची शिस्त होतो.

पण खरोखर थकला असशील तर अजिबात उडू नकोस. तिथे भीड नको. 'फटीग' असं नाव देऊन कळव, लेखी रिपोर्ट टाक: कोणत्या तारखेला किती वाजता रोस्टर बदललं, त्याआधी किती झोप झाली, किती लँडिंग झाली. २०२४ च्या जानेवारीत डीजीसीएनं ड्युटीचे जे सुधारित नियम काढले, त्यात आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणली. फटीगचे अहवाल दर तिमाहीला डीजीसीएकडे पाठवायचे, हेही कंपन्यांच्या गळ्यात घातलं. म्हणजे तुझा खरा रिपोर्ट फायलीत जातो. खोटा सिक कॉल फक्त हजेरीपटावर जातो. (त्या नियमांसाठी पुरेसे पायलट हाताशी नसले की काय होतं ते २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोनं सगळ्या देशाला दाखवलं, एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. तिथे विलीनीकरण नव्हतं, ताणलेलं रोस्टर मात्र होतं.)

आता ७० आणि ४०. तुम्ही सगळे 'पगार कापला' म्हणताय. खरं तर कंपनीनं तुमच्यावर जोखीम ढकलली आहे, आणि एटीआरवाल्यावर ती जेटवाल्यापेक्षा जास्त पडते. हिशोब मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतेय, तुझे तू घाल. समजा जुना दर तासाला हजार रुपये. ७० तासांचे ७० हजार पक्के. नवा दर ११५०. चाळीसचे होतात ४६ हजार. जुन्या ७० हजारांवर पोचायला तुला ६१ तास उडावं लागेल. महिन्यात ८० तास उडालास तर नवा करार तुला बारा हजार जास्त देतो, म्हणून एचआरवाल्यांच्या स्लाइडवर ८० तासांचंच उदाहरण असतं. बघ, असेल.

पण ६१ तास एटीआरवर म्हणजे काय? तुझा सेक्टर पन्नास-पंचावन्न मिनिटांचा. चार सेक्टरचे साडेतीन तास धर. त्यासाठी ड्युटी सात-आठ तासांची. म्हणजे एकही फ्लाइट रद्द न होता साधारण अठरा दिवस रोज चार सेक्टर. जेटवाला मुंबई-दिल्ली जाऊन-येऊन चार-साडेचार तास टाकतो आणि जेवायला घरी असतो. आणि तू जिथे उतरतोस तिथे जुलै-ऑगस्टात काय होतं ते मी सांगायला नको. जळगाव काय, चिपी काय, ढग खाली बसले की दोन घिरट्या आणि परत. तो महिना ४५ तासांवर संपला तर नव्या करारात तुझे होतात ५१ हजार ७५०. अठरा हजार गेले, आणि त्यात तुझा काही दोष नाही.

तेव्हा मागच्या दोन वर्षांची लॉगबुक काढ आणि दर महिन्याचे तास एका कागदावर लिही. ६१ च्या खाली किती महिने गेले ते मोज. तीन असतील तर तू उगाच घाबरलायस. सात असतील तर बायकोचं बरोबर आहे. मग त्या ४० मध्ये काय काय धरतात ते विचार: रद्द झालेल्या फ्लाइटचे तास मिळणार का, विमानात प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या बेसला गेलास तर, स्टँडबायचे, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरला जातोस त्या दिवसांचे, रजेच्या महिन्याचे. हे प्रश्न तोंडी विचारलेस तर गोड उत्तरं मिळतील. ई-मेलनं विचार.

४० चा हा आकडा तुमच्या कंपनीनं शोधलेला नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियानं स्वतःच्या पायलटांपुढे हेच ठेवलं होतं आणि तिथल्या दोन्ही संघटनांनी सह्या करू नका असं सांगितलं होतं. त्यांचा दुसरा आक्षेप पगाराहून जास्त विचार करण्यासारखा होता: काही वर्षं झालेल्या कमांडरना, म्हणजे विमानाच्या मुख्य पायलटांना, व्यवस्थापन श्रेणीत टाकायची कल्पना. ऐकायला बढती. पण व्यवस्थापनातला माणूस कामगार राहत नाही, आणि मग संघटनाही त्याची राहत नाही. तुझ्या करारात पदनाम बदललंय का बघ. 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द कुठे चिकटलाय का?

आता नंबराकडे.

पगार दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाटाघाटीला येतो. ज्येष्ठतेच्या यादीतला नंबर एकदा लागला की पुढची पंचवीस वर्षं तुझ्याबरोबर चालतो. कमांड कधी, जेट कधी, पुणे बेस पुन्हा उघडला तर पहिला कोण, दिवाळीचा ऑफ कुणाला, आणि कपात आली तर आधी कोण, सगळं त्यावर. एसटी स्टँडवर दोन खिडक्यांच्या रांगा अचानक एकत्र करायला सांगितल्या तर जो गोंधळ होईल तोच इथे होतो, फक्त ही रांग निवृत्तीपर्यंतची असते.

रांगा एक करायच्या तीन रीती आहेत. पहिली, नोकरीला लागल्याची तारीख. तुमची कंपनी जुनी, त्यामुळे तुझा फायदा. दुसरी, प्रमाण. समजा तुमच्याकडे ४० को-पायलट, त्यांच्याकडे ८०, आणि तू तुमच्यात दहावा. एकाला दोन असं विणत गेलं तर १२० जणांच्या यादीत तू तिसावा. तिसरी, तास किंवा विमानाचा प्रकार. मग जेटवर चारच वर्षं नोकरी झालेला मुलगा तुझ्या पुढे. एकाच माणसाचे तीन नंबर होतात, बारावा, तिसावा किंवा साठावा, आणि तिन्ही रीतींना कुणी ना कुणी 'न्याय्य' म्हणतं. कधी कधी मध्ये कुंपण घालतात: पहिली पाच वर्षं एटीआरची कमांड एटीआरवाल्यांनाच, जेटची त्यांना. तुझ्यासारख्याला कुंपण फार मोलाचं आहे, कारण तुझी कमांड एटीआरवर तोंडाशी आलीय. ते मागा.

हे 'नंतर कळवू' वर सोडलं की काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यादीचा निकाल लवादाकडे गेला, २००७ मध्ये लागला. यूएस एअरवेजच्या बाजूचे पंधरा वर्षांहून जास्त नोकरी झालेले, पण कपातीत घरी बसलेले पायलट समोरच्या बाजूच्या अगदी नव्या मुलांच्या मागे गेले. ते इतके भडकले की आपल्या मतांच्या जोरावर त्यांनी जुनी संघटनाच बदलली आणि २००८ मध्ये नवी आणली. मग कोर्ट. विमानांवर नाव एक, पण दोन्ही बाजूचे पायलट वेगवेगळ्या करारांवर वेगवेगळे उडत राहिले, आणि एकच यादी झाली ती अमेरिकन एअरलाइन्समध्ये आणखी एक विलीनीकरण झाल्यावर, २०१६ मध्ये. त्या दहा-अकरा वर्षांत पगारवाढ कुणाला मिळाली नाही असं नाही, पण बाकीच्या कंपन्यांतले त्यांच्या वयाचे लोक कुठल्या कुठे पोचले होते.

आणि तुमच्यासारख्या प्रादेशिक कंपन्यांचं बघायचं तर स्कायवेस्टनं २०१० मध्ये एक्स्प्रेसजेट विकत घेतली आणि आपल्याच अटलांटिक साउथईस्टमध्ये मिसळली. २०११ च्या शेवटी सर्टिफिकेट एक झालं. करार दोनच राहिले. सामायिक कराराचा मसुदा पायलटांपुढे मतदानाला आला तो २०१४ च्या जानेवारीत, आणि त्यांनी तो फेटाळला. दोन करार असले की कंपनीला एक सोय होते: नवी विमानं, नवे मार्ग जो गट स्वस्त त्याच्याकडे वळवायचे आणि दुसऱ्याला ते दाखवून दर पाडायला लावायचे. २०२० च्या सप्टेंबरअखेर त्या कंपनीची उड्डाणं थांबली. कारणं बरीच होती, करोना त्यातलं शेवटचं.

अमेरिकेत निदान कायदा आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली आणि तिथल्या बऱ्याच लोकांना यादीच्या शेपटाला टाकलं, त्यावरून २००७ च्या डिसेंबरात मॅकॅस्किल-बाँड तरतूद आली: याद्या न्याय्य रीतीनं एक करा, नाही जमलं तर लवाद. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो अनुभव. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, आणि २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे पायलट समान वेतनासाठी संपावर गेले. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाचे गेले, ड्रीमलायनर या नव्या जेटचं ट्रेनिंग दुसऱ्या बाजूला का देता म्हणून, आणि तो संप ५८ दिवस चालला. मधल्या काळात न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली, तिचा अहवाल विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी आला. पाच वर्षं लोक आपापसात 'तू एआय का आयसी' (जुन्या एअर इंडियाचा की इंडियन एअरलाइन्सचा) विचारत कॉकपिटमध्ये शेजारी शेजारी बसण्याची तयारी करत होते.

म्हणून तुझ्या ग्रुपनं शनिवारची ताकद इथे लावावी. तीन-चार जण निवडा, त्यात एक कमांडर हवाच. एक पत्र, सगळ्यांच्या सह्या, एकच मागणी वर: सह्या मागण्याआधी यादीची रीत, कोणत्या तारखेची स्थिती धरणार ती तारीख आणि कुंपण लेखी द्या. पगार दुसऱ्या परिच्छेदात. आणि समोरच्या कंपनीच्या को-पायलटांशी आत्ताच बोला. ते शत्रू नाहीत, त्यांनाही त्यांचा नंबर कुणी सांगितलेला नाही.

कायद्याचं थोडं. दोन कंपन्या कंपनी कायद्याखाली विलीन होत असतील तर एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, विलीनीकरणाची योजना जाते. तो कागद मिळवता येतो. त्यात कर्मचाऱ्यांचं एक कलम असतं, बहुतेक योजनांत त्याचा अर्थ असा की सर्व कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नव्या कंपनीचे होतील. तुमच्या योजनेत ते असेल तर विलीनीकरणाच्या आधी घाईघाईनं नवा करार का मागताहेत, याचं उत्तर तुला मिळालं. तू आपण होऊन सही केलीस की अटी 'कमी' राहत नाहीत, 'मान्य' होतात. सेवाशर्ती बदलायच्या तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यायची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पायलट कामगार ठरतो की नाही यावर कोर्टात वाद झालेले आहेत, म्हणून हे वाक्य घेऊन एचआरकडे भांडायला जाऊ नकोस. कामगार कायद्याचा वकील गाठ, चाळीस जणांनी वर्गणी काढली तर फी चहापाण्याइतकी पडते.

मग सही? दहा दिवस संपायच्या आत मुदतवाढ मागणारा, वरचे प्रश्न विचारणारा ई-मेल पाठव. उत्तर आलं तर वाच. नाही आलं आणि शेवटचा दिवस उगवला, तर माझं मत: सही कर, पण सोबत पत्र जोड की ज्येष्ठता आणि आधीच्या सेवाशर्तींबाबतचे माझे हक्क राखून मी ही सही करत आहे. पत्राचा मसुदा वकिलाकडून घे. हे करणारा तू एकटा असशील तर डोळ्यावर येशील, सगळे करतील तर कोणीच येणार नाही. सही न करता एकट्यानं ताठ बसणं मला तुझ्या बाबतीत पटत नाही. कमांड जवळ आलेली असताना ट्रेनिंगच्या यादीबाहेर राहणं परवडणारं नाही, आणि तुझ्या पत्रावरून तुझ्यामागे सहा महिने घर चालेल इतकी शिल्लक आहे असं दिसत नाही. असेल तर कळव, मत बदलीन.

सहा महिने मी उगाच म्हटले नाहीत. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे, कमांडरला वर्षाची. कमांड घेतलीस की दार दुप्पट जड होतं. त्यामुळे 'जमलं नाही तर सोडून देईन' हा पर्याय आज जितका सोपा आहे तितका दोन वर्षांनी नसेल. दुसरीकडे अर्ज करायचाच असेल तर कमांड अपग्रेडच्या आधी, रागाच्या दिवशी नाही, शांत डोक्यानं.

बाँडबद्दल फार लिहीत नाही. जेट मिळत असेल तर तीन वर्षं ही काही जन्मठेप नाही. फक्त रक्कम महिन्या-महिन्यानं कमी होत जाते का बघ, आणि कंपनीनं बेस बदलला किंवा पगार कापला तर बाँड सुटतो का ते विचार. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं सांगणारे सिनिअर भेटतील. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात बाँडची अट वैध धरली आहे. त्यांना तेवढं सांग.

हैदराबादचं मात्र मला सगळ्यांत अवघड वाटतं, आणि त्याचं उत्तर रोस्टरवालीकडे अर्धंच आहे. बायकोला नोकरी सोडायला लावू नकोस, निदान यादी लागेपर्यंत नाही. नव्या कंपन्यांचे बेस वर्षभरात दोनदा हलताना मी पाहिलेत. मुलीची शाळा हलवलीस आणि मार्चमध्ये पुणे परत उघडलं तर? पहिलं वर्ष तू एकट्यानं ये-जा कर. त्यासाठी पैशांपेक्षा रोस्टरच्या दोन गोष्टी माग: ऑफ सलग जोडून, आणि ऑफच्या आदल्या दिवशीची ड्युटी संध्याकाळच्या पुण्याच्या फ्लाइटआधी संपणारी, परतीच्या दिवशीची दुपारनंतर सुरू होणारी. पगारवाढ मागणाऱ्याला शेड्युलर काही देऊ शकत नाही, हे मात्र देऊ शकते. मी दिलंय, आणि ज्यांनी मागितलंच नाही त्यांना अर्थातच नाही दिलं. स्वतःच्या खर्चानं आदल्या रात्री पोचणं आणि सकाळी ड्युटी, असा रिवाज होऊ देऊ नकोस. कागदावर ती विश्रांती दिसते, शरीराला ती विमानतळावरची रात्र असते.

बाबांना सांग, नोकरी हातात आहे म्हणूनच प्रश्न विचारतोय. त्यांच्या पिढीत विलीनीकरण झालं की पाटी बदलायची आणि माणूस त्याच खुर्चीवर बसायचा, त्यांचं चुकत नाही.

राहता राहिलं एक काम, ते आजच कर. गेल्या दोन वर्षांची प्रसिद्ध झालेली रोस्टर, प्रत्येक बदलाचे मेसेज, पगाराच्या पावत्या आणि सध्याच्या ज्येष्ठता यादीची प्रत स्वतःच्या फोनवर नाही, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घे, आणि डीजीसीएच्या ई-जीसीए या पोर्टलवरच्या लॉगबुकशी तास जुळतात का तपास. प्रणाली बदलण्याच्या रात्री जुनं लॉगिन बंद होतं. त्यानंतर मागायला जाशील तर माझ्या जागेवर बसलेली नवी मुलगी खरं तेच सांगेल, की सर, आमच्याकडे ते दिसत नाही.